तळ्याची कार्यालयीन वेळ

"पाणी एकदम उत्तम आहे," सरकारी पाणीतपासनीस स्वप्निल प्राणवायू मोजायच्या मशीनकडे बघत म्हणाला, आणि त्याच वेळी एक मेलेला कटला त्याच्या बुटाला येऊन लागला.

सोनाजीनं मासा उचलून पाळीवर ठेवला. तिथं सकाळपासून गोळा केलेल्या मेल्या माशांचा ढीग होता. सोनाजी मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. गावाचा सगळा नाला तळ्यात येत होता आणि पाणी हिरवंगार झालं होतं. नाला वळवायचा तर पाणी खराब असल्याची सरकारी नोंद हवी होती. यंदाही मासे गेले तर सोसायटीतल्या घरांवर जाळी माळ्यावर टाकून ऊसतोडीला जायची वेळ येणार होती.

"साहेब, मासे पहाटं मरून राहिले," सोनाजी म्हणाला. "तुमी येता दुपारच्याला."

"नोंदीचं सरकारी ॲप अकराला उघडतं, मामा. पाचला बंद."

खरं तर स्वप्निलला हे सोनाजीपेक्षा जास्त ठाऊक होतं. समुद्राचं पाणी किनाऱ्याआड अडलं की खाजणं बनतात. त्यांचं पाणी ऋतूगणिक, तासागणिक कसं पालटतं, यावरच त्यानं डॉक्टरेट केली होती. घाण पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच पिऊन टाकतं. म्हणजे दुपारी तळं ठणठणीत आणि पहाटे घरघर लागलेलं. एवढं शिकल्यावर सरकारनं त्याला समुद्राचा वाराही न लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात नेमलं. ॲप मात्र किनाऱ्यासाठीच बनवलेलं होतं. 'भरती की ओहोटी?' याचं उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकायचं नाही. स्वप्निल निमूट उन्हाळ्यात ओहोटी आणि पावसाळ्यात भरती भरायचा. वरून कधी कुणी हरकत घेतली नव्हती.

"एक डाव पहाटं या," सोनाजी म्हणाला. "लिहू नका. नुसतं बघा."

स्वप्निल आला. वसमतहून अंधारातच मोटारसायकल काढून आला. उजाडत होतं. तळ्यावर हजारो तोंडं वर आली होती, उघडझाप करत होती. कुठंच आवाज नव्हता. माशांना ओरडता येत नाही, ही प्रशासनाची केवढी सोय! त्यानं मशीन पाण्यात बुडवलं. प्राणवायू जवळपास शून्य. ॲपनं नम्रपणे सांगितलं, 'कृपया कार्यालयीन वेळेत प्रयत्न करा.'

त्याला स्वतःची लाज वाटली. डॉक्टरेट मिळाल्यापासून पहिल्यांदाच वाटली.

"मामा, घट्ट झाकणाचा कॅन आहे का?"

त्यानं कॅन पाण्याखालीच काठोकाठ भरला, हवेचा बुडबुडाही राहू न देता झाकण लावलं आणि ओल्या पोत्यात गुंडाळून लिंबाच्या सावलीत ठेवला. अकरा वाजता ॲप उघडलं. तोवर उन्हानं तळं पुन्हा गुणी झालं होतं. स्वप्निल गुडघाभर पाण्यात शिरला. कॅन पाण्याखाली दाबून धरला, त्याच्या तोंडात मशीनची कांडी घातली आणि सोनाजीला फोटो काढायला सांगितला. फोटोत फक्त तळं आणि साहेब. भरती की ओहोटी? ओहोटी. ॲप लालभडक झालं.

तो लाल ठिपका जिल्ह्याच्या नकाशावर उमटला. माशांची कीव कुणाला आली असं नाही. स्वच्छ पाण्याच्या सरकारी यादीत जिल्ह्याचा क्रमांक घसरला, म्हणून साहेबलोकांची झोप उडाली. धडाधड शोषखड्डे खोदले गेले, नाल्याचं तोंड वळलं. पाऊस पडला, तळं निवळलं. सोनाजीच्या जाळ्यात वळवळणारे मासे यायला लागले आणि चांगल्या कामाबद्दल सत्कारही झाले. अर्थात ज्यांचे व्हायचे त्यांचेच.

स्वप्निलच्या वाट्याला नोटीस आली. त्या एका दिवसाचा आकडा आधीच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नव्हता. फोटो मोठा करून बघितल्यावर पाण्याखाली कॅनही दिसला होता. खोटी नोंद करून शासनाची दिशाभूल का केली, याचा खुलासा मागवला होता.

"काहून टेन्शन घेता? म्या सांगतो सगळं साहेबांला," सोनाजी म्हणाला.

"नको मामा. आरोप खरा आहे."

स्वप्निलनं तिथंच पाळीवर बसून खुलासा लिहिला: 'त्या दिवसाचा आकडा खोटा आहे, हे मान्य. त्याआधीचे माझे सगळे आकडे खरे होते. त्याबद्दल माफी असावी.'