भिवाचा काउबॉय

शुक्रवारची दुपार. आखातातल्या अल कूझच्या कामगार कॅम्पातल्या खोलीत दहा-बारा जण व्हीसीआरसमोर दाटीवाटीनं बसले होते. दुकानातल्या हिंदी कॅसेट सकाळीच गेल्या होत्या, म्हणून धनंजयनं काउबॉयचा जुना इंग्रजी पिक्चर उचलून आणला होता.

"यातलं कळणार कुणाला, डोंबल?" कुणीतरी कुरकुरलं.

"मी सांगतो ना," भिवा म्हणाला. भिवा शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणारा सुतार. गोऱ्या इंजिनियरच्या मागं दोन वर्षं फिरून त्याला 'लेव्हल ओके' आणि 'टुमारो काँक्रीट' एवढं इंग्रजी पक्कं येत होतं.

"हा घोड्यावरचा आपला माणूस. काळ्या टोपीवाला एक जण आहे, त्याला हुडकतोय. बदला!"

मग भिवा रंगात आला. दारूवाला, फौजदार, म्हातारी, सगळ्यांचे आवाज त्यानंच काढले. घोडा खिंकाळला तर त्याचाही अर्थ सांगितला. खोली हसून लोळायला लागली. दुमजली खाटेच्या वरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला रामेश्वरही हळूच कुशीवर वळला.

रामेश्वर आणि भिवा कामावर एकाच गँगचे, पण आठ महिने बोलत नव्हते. मे महिन्यात गँगमध्ये एकालाच सुटी मिळणार होती. रामेश्वरनं आधी ऑफिस गाठलं. भिवाच्या बहिणीचं, आशाचं लग्न भिवाशिवाय लागलं.

शेवटी काउबॉयला काळ्या टोपीवाला सापडला. ओसाड रस्त्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले. काउबॉय बराच वेळ बोलत होता.

"काय म्हणतो? सांग ना!"

"म्हणतो..." भिवाची नजर टीव्हीवरच होती. "म्हणतो, एकुलती एक बहीण माझी. तिचं लग्न होतं. महिनाभर थांबला असतास तर तुझं काय गेलं असतं रे?"

पिक्चरमध्ये लग्न कुठून आलं, हे कुणीच विचारलं नाही. वरच्या बाजेकडेही कुणी पाहिलं नाही. पडद्यावर काळ्या टोपीवाल्याचे ओठ हलत होते.

"तो म्हणतो," वरून रामेश्वरचा आवाज आला, "माझी पोरगी तीन वर्षांची झाली होती. मी तिला फोटोतच बघितली होती. तुझ्या बहिणीचं तेव्हा डोक्यातच आलं नाही. चुकलं."

भिवानं मागं वळून पाहिलं नाही. पोरीचं त्याला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "काउबॉय विचारतो, पोरीनं ओळखलं का?"

"कसली ओळखते! चार दिवस जवळ आली नाही. पाचव्या दिवशी आली ती मिशीच ओढली."

सगळे खो खो हसले. तेवढ्यात टीव्हीत धाडकन आवाज झाला. काळ्या टोपीवाला धुळीत पालथा पडला.

हसू थांबलं.

"मेला?" धनंजयनं विचारलं.

"नाय रे," भिवा म्हणाला. "गोळी बाजूनं गेली."

"मग उठत का नाही?"

भिवानं पहिल्यांदाच मान वर करून रामेश्वरकडे पाहिलं.

"लाजतोय," तो म्हणाला.