पदरचं कारण

प्रोग्रामची चाचणी पुन्हा फसली. नसलेली फाइल उघडायला सांगितली की "नाही" असं उत्तर यायला हवं, तेवढं बरोबर येत होतं. पण "का नाही" याच्या जागी भलताच लांबलचक आकडा. ताईने खुर्ची मागे सारली, पुढे ओढली, पुन्हा मागे सारली.

काम म्हटलं तर एवढंसं. नव्या चिपसाठी 'सी' या संगणकभाषेची लायब्ररी तयार होत होती आणि ताईच्या वाट्याला आले होते असेंब्ली भाषेत लिहायचे छोटे छोटे मध्यस्थ. प्रोग्रामचं मागणं घ्यायचं, कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या मुख्य प्रोग्रामच्या, दारात नेऊन ठेवायचं, आतून येईल ते उत्तर आणून द्यायचं. नकार आला तर त्याचं कारण ठरलेल्या जागी ठेवायचं, म्हणजे ज्याला हवं तो बघेल. मध्यस्थाने स्वतःची अक्कल पाजळायची नाही. ताईला नेमकं तेच जड जायचं.

फोन वाजला. धाकटा भाऊ.

"ताई, विचारलंस का? रविवारी लग्न आहे माझं. बाबा येणार की नाही, एकदाचं कळू दे."

"विचारते. ठेवू नकोस फोन."

वर्षभर बाप-लेकात विस्तव जात नव्हता. तरी एकमेकांची खबर दोघांनाही हवी असायची, आणि ती इकडून तिकडे न्यायला ताई होतीच. पण लग्नालाही बाबा गेले नाहीत, तर पुढे हे दोघं कधी समोरासमोर बसतील अशी आशा तिलाही उरली नसती.

आतल्या खोलीत बाबा खिडकीपाशी बसून कोटाचं बटण शिवत होते.

"बाबा, रविवारी येताय ना?"

"नाही," बाबा सुईवरची नजर न काढता म्हणाले.

हे धाकट्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, याची जुळवाजुळव करत ताई तेवढ्यात दारापर्यंत पोचलीसुद्धा. बाबा मागून आणखी काहीतरी बोलले. तिचं लक्ष नव्हतं.

"नाही जमणार म्हणतात रे. गुडघे फार धरलेत त्यांचे."

"गुडघे? मागच्या आठवड्यात कंबर होती," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

ताई उठली, पाणी प्यायली, न लागलेल्या भुकेसाठी फ्रिज उघडून पाहिला. शेवटी तिने टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोन लावला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी तिकडे त्यांच्या पडद्यावर तिचा कोड उघडला.

"अगं, कर्नलचा नकार कशात येतो?"

"पहिल्या रजिस्टरमध्ये, चिपच्या पहिल्या खणात. त्यातच कारणाचा आकडा असतो."

"बरं. मग ते कारण कुठे ठेवायचं हे विचारायला तू दुसऱ्या फंक्शनकडे जातेस. ते फंक्शन जागेचा पत्ता कशात देतं?"

ताईने पडद्यावरच्या ओळीवर बोट टेकवलं. त्याच रजिस्टरमध्ये.

"म्हणजे कुठे ठेवू, कुठे ठेवू करत धावलीस आणि हातातलं कारण वाटेतच पुसलं गेलं. वर तो पत्ताच कारण म्हणून दिलास ठोकून! आधी ऐकलेलं नीट बाजूला ठेवावं, बाई, मग धावावं."

ताईने कपाळाला हात लावला. एका ओळीचं काम. ओळ घातली, चाचणी चालवली, पास झाली. आनंद व्हायला हवा होता, पण जीव थाऱ्यावर येईना. मघाशी बाबा मागून काय बोलले होते?

ती उठून आत गेली.

"बाबा, मघाशी 'नाही' म्हणालात. त्याच्या पुढे काय म्हणालात?"

बाबांनी दोरा दाताने तोडला.

"वर्षभरात आज पहिल्यांदा विचारलंस. लाव त्याला फोन. आणि मलाही ऐकू येईल असा लाव."

ताईने फोनचा स्पीकर चालू करून तो दोघांच्या मध्ये धरला. धाकट्याने लगेच उचलला.

"बोल ताई. आता काय दुखतंय म्हाताऱ्याचं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं. बाबांनी कोट बाजूला ठेवला आणि ते फोनकडे वाकले.

"म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने स्वतः बोलावलं नाही, ते दुखतंय."

सावरून घ्यायला ताईने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.