दारातली पिशवी

"अगं, माझी पिशवी इथे होती ना? तिथे कशी गेली?" आईने पुन्हा विचारलं.

पिशवी दारापासून हातभर लांब, चपलांशेजारी उभी होती. आईने ती ओढत उंबऱ्याशी आणली आणि "गॅस तेवढा बघून येते" म्हणत परत आत गेली. लेकीने कपाळावर हात मारला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला होता. बस सुटायला आलेली. पण आईची रीतच तशी. पिशवी दारात ठेवायची, घरावर शेवटची नजर टाकायची, मग पिशवी उचलून निघायचं. मधेच पिशवी जागची हलली की सगळं पहिल्यापासून!

लेकीचा जीव टांगणीला लागला होता. महिनाभर तिच्याकडे राहायला आलेल्या आईचं आणि तिच्या नवऱ्याचं एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं. पंखा, मीठ, बातम्या, कशावरूनही जुंपायची. आता आई न भांडता गाडीत बसली, की गंगेत घोडं न्हालं.

नवरा कीटकांचा अभ्यासक. सध्या तो खालच्या अंगणातल्या एका गांधीलमाशीच्या मागे होता. ही माशी एकटी राहते, मातीत बीळ खणते. काल जेवताना तो रंगात येऊन सांगत होता, "नांगी मारून लुळा केलेला नाकतोडा ती बिळाच्या तोंडाशी ठेवते आणि आत नजर टाकून येते. तेवढ्यात मी नाकतोडा बोटभर सरकवतो. बाहेर आली की ती तो परत दाराशी आणते, आणि पुन्हा आत तपासायला जाते! सकाळभर खेळवली."

"रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," आई म्हणाली होती. झालं, त्यावरूनही जुंपली.

हे आठवलं आणि लेक गर्रकन वळली. नवरा दाराशी उभा राहून पेपर वाचत होता. पेपर जागच्या जागी होता. त्याचा पाय मात्र पिशवी ढकलत होता.

"अहो! माझी आई काय माशी आहे?" ती दबक्या आवाजात कडाडली. "बस चुकेल ना तिची!"

नवऱ्याचे कान लाल झाले. "चुकू दे की," तो पुटपुटला. "त्या गेल्या की मी भांडू कुणाशी? तू आपली सगळ्याला 'बरं' म्हणतेस."

लेकीला हसावं की रडावं कळेना. खाली टॅक्सीवाल्याने शेवटचा हॉर्न ठोकला आणि तो निघून गेला. आता आईला काय तोंड दाखवायचं, म्हणत ती स्वयंपाकघरात धावली.

आई गॅसकडे बघतसुद्धा नव्हती. स्टुलावर पाय पसरून ती निवांत शेंगा निवडत होती.

"गेली का एकदाची टॅक्सी?"

"आई, अगं, ते मुद्दाम तुझी पिशवी..."

"माहीत आहे. पहिल्याच खेपेला दाराच्या फटीतून पाय दिसला मला जावईबापूंचा." आईने हळूच दाराकडे पाहिलं. "पण त्यांना सांगू नकोस हं. उद्या भांडायला मला तोंड राहायचं नाही."