हेडमास्तरांची शिकवणी

“आच मंद करा. मंद म्हटलं मी,” बायको म्हणाली.

हेडमास्तरांनी बटण फिरवलं ते नेमकं उलट. आमलेट करपलं. परदेशातल्या समुद्राकाठच्या त्या भाड्याच्या खोलीत धूरच धूर झाला. बायकोने खिडकी उघडली आणि तव्याकडे बोट दाखवलं.

“घासा आणि पुन्हा करा.”

जन्मभर पोरांना ‘पुन्हा लिही’ म्हणत आलेला माणूस मुकाट्याने तवा घासू लागला. निवृत्त झाले तरी लोक त्यांना हेडमास्तरच म्हणत, आणि घरात तर ते शाळेपेक्षा जास्त हेडमास्तर होते. चहा कोमट आला की कप नुसता पुढे सरकवायचा, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा त्यांचा खाक्या. बायको शिवणाच्या मशीनवरून उठायची आणि दुसरा कप आणायची. मशीनच्या आवाजाला ते ‘तुझी कटकट’ म्हणत.

पण गेल्या काही महिन्यांत घरातलं वारं फिरलं होतं. बायकोने त्यांना कुकर लावायला शिकवलं. मग बटण शिवायला, मग रंगीत कपडे वेगळे धुवायला. पहिल्यांदा ते उखडलेच. “हे काय नवीन खूळ?”

“येऊ द्या की. मग माणसाचं अडत नाही,” ती म्हणाली.

त्याच सुमारास त्यांचा एक जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला. रक्त-लघवी तपासायच्या केंद्रात तो कामाला होता. “सर, बाई येऊन गेल्या. छातीचा फोटो काढला, रक्तही दिलं. बऱ्या आहेत ना?”

हेडमास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. घरी आले तर बायको आपले चांगले-चांगले कपडे काढून नणंदेला देत बसलेली. “मला कुठे लागणार आता एवढे,” ती म्हणत होती.

दोन अधिक दोन चार करायला हेडमास्तर कशाला हवा? पण विचारायचा काही धीर होईना. ‘तुला काय होतंय?’ असं त्यांनी बायकोला कधी विचारलंच नव्हतं, मग आता जीभ कशी वळणार! म्हणून ती जेव्हा म्हणाली, “परदेशात समुद्राच्या कडेकडेने गाडीने फिरू, आणि मग त्या मोठ्या शहरात जाऊ,” तेव्हा ते लगेच हो म्हणाले. त्या शहरात नामांकित इस्पितळं आहेत, हे त्यांच्या कानावर होतं.

दुसरं आमलेट बरं झालं. ते खाऊन दोघं निघाली.

एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी. गाडी परकी, रस्ता उलट्या बाजूने चालणारा, त्यामुळे हेडमास्तर जीव मुठीत धरून चालवत होते. बायको शेजारी बसून वाट सांगत होती. वाटेत पाव घेताना ती फोनवरून शिकलेली तिथली भाषा धडाधड बोलली. एरवी ते फिस्सकन हसले असते. आज त्यांना भडभडून आलं. हिच्या किती हौशी राहून गेल्या!

बॅग तर तिने केवढी जड आणलेली. ‘शेवटच्या प्रवासाला माणूस रिकाम्या हाताने जातो म्हणतात, आणि ही बघा,’ असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बॅग त्यांनी तिला एकदाही उचलू दिली नाही.

वळणावरच्या कठड्यावर ती समुद्र बघत बसली, तेव्हा हेडमास्तर गाडीमागे जाऊन रडले. कधी देवापुढे हात न जोडणारा माणूस म्हणाला, “हिला जगव बाबा. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“डोळे का लाल झालेत?”

“वारा खारट आहे.”

“वारा खारट असतो होय!” ती खळखळून हसली. हेडमास्तरांनी आपला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“आज काय विशेष?”

“कुठे काय.”

“उशीर झाला हो,” ती हळूच म्हणाली. “चला, शहर अजून लांब आहे.”

शहरात ती कुणालाही न विचारता गल्लीतून गल्लीत वळत गेली. एका इमारतीखाली शिवणाचा कारखाना होता. तिथल्या मालकिणीने हसून तिच्या हातात किल्ली ठेवली. जिने चढताना हेडमास्तरांना धाप लागली. ती मात्र सरळ वर गेली.

खोली लहानशी होती. खिडकी, टेबल, एकच पलंग. इस्पितळ जवळ असणार, उपचार होईपर्यंत राहायला घेतली असणार, हे हेडमास्तरांनी ओळखलं. ती बॅग उघडून कपडे कपाटात लावू लागली आणि त्यांचा बांध फुटला.

“मला सगळं कळलंय गं. मी जमिनीवर झोपेन. तू बरी होईपर्यंत इथून हलणार नाही.”

“बरी?”

“तो छातीचा फोटो, ते रक्त... किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी? खरं सांग.”

ती हातातलं कापड तसंच धरून थांबली.

“अहो, या देशात कामाला राहायचं तर ते तपासून द्यावंच लागतं. सोमवारपासून मी खाली शिवायला बसणार. तुमचं परतीचं तिकीट शुक्रवारचं आहे. सांगायला माझीही जीभ वळत नव्हती.”

हेडमास्तर पलंगाच्या कडेवर बसले.

“म्हणजे... तुला काहीच झालेलं नाही?”

“ठणठणीत आहे मी,” ती म्हणाली. “मरायचंच असतं, तर घरीच राहिले असते की.”