सूट की सदरा

पुणतांब्याच्या लग्नघरासमोर घोडी आली, बँड आला, तरी नवरदेवाचे कपडे ठरेनात. ओंकारला साधा पांढरा सदरा घालायचा होता आणि आई रतनबाई हातातला सूट सोडत नव्हत्या.

"नवरदेव हायस का वाढपी? लोक हसतील!"

"आई, सुटात हात वर होत न्हाईत."

"घोडीवर बसायला हात कशाला वर करायचेत?"

ओंकारला हसू आवरेना. "घोडीवर निकिता बसनार हाय. तिला लहानपनापासून हौस हाय. मी म्होरं नाचनार!"

रतनबाई लेकाकडं बघतच राहिल्या. "नवरी घोडीवर?"

"व्हय."

त्यांनी सूट खाटेवर टाकला, पदर कमरेला खोचला आणि दारातूनच बँडवाल्यांना ओरडून सांगितलं, "जोरात वाजवा रं! आज सासू बी नाचनार हाय!"