पेंडिंग साहेबाचे वंशज

उत्तनमध्ये दगड भिरकावला तर तो डिमेलोला लागेल, नाहीतर डिसोझाला. पेंडिंग आडनावाचं घर मात्र अल्फान्सोचं एकटंच. बँकेतली पोरं हसायची, "अंकल, नाव पेंडिंग की काम पेंडिंग?"

पण दुर्मीळ आडनावांचा अभ्यास करणाऱ्या एका इंग्रजाची मेल आली, की विलायतेतही मोजकीच पेंडिंग घराणी उरलीत, तुमचा मूळपुरुष इकडचाच असणार. सत्तरीतला अल्फान्सो रातोरात साहेब झाला. मुलगा ॲरन तर व्हिसाच्या गोष्टी करायला लागला. आता फक्त त्या गोऱ्या पूर्वजाचं नाव कळवायचं बाकी होतं.

अल्फान्सो नव्वदीतल्या आईच्या खाटेवर टेकला. "आये, आपल्यात पहिला पेंडिंग कोन?"

"तूच की," म्हातारी म्हणाली. "तुझा बाप बोटीवर गेला तवा तू पोटात. आल्यावर लगीन करतो बोललेला. शाळेत तुझं नाव घालताना मास्तर म्हनले, लगीन होईस्तो बापाचं आडनाव लावता येत न्हाय, तवर पेंडिंग ठेवू."

मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.



"बोट अजून लागली न्हाय, बाला."