शेऱ्यांच्या वह्या

“मी वर्गात कधी कुणाची जात विचारली नाही,” देवस्थळीबाई पुन्हा म्हणाल्या. प्रगतिपुस्तकात लिहायच्या शेऱ्यांच्या जुन्या वह्या त्यांनीच हौसेनं दिल्या होत्या. त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी संघमित्रा हिनं त्या संशोधनासाठी संगणकात घातल्या होत्या.

तिनं लॅपटॉप बाईंकडे वळवला. सारख्याच गुणांची मुलं संगणकानं वह्यांतल्या पत्त्यांवरून वेगळी काढली होती. बाजारपेठेतली ‘हुशार’, ‘चौकस’. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली ‘कष्टाळू’, ‘आज्ञाधारक’.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्द त्यांचेच होते.

“त्याच वस्तीतून येऊन तू वर्गात पहिली आली होतीस,” त्या चाचरत म्हणाल्या. “तुला काय लिहिलं होतं मी?”

“‘नेहमी स्वच्छ असते.’” संघमित्रानं हळूच लॅपटॉप मिटला. “आईनं ते प्रगतिपुस्तक अजून जपलंय, बाई. तिला ते कौतुक वाटतं.”